रोकोबाची पंगत

परदेशी गेलेल्या माणसाने एक तर तिकडेच राहावं, नाही तर परत आल्यावर तोंड उघडू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि ते माझ्या मामेसासऱ्यांनी माझ्याकडून रोज थोडं थोडं घडवून घेतलेलं आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आमचं लग्न त्यांनीच जमवलं आणि मुलुंडला त्यांच्याच वाडीत, त्यांच्या समोरच्या रांगेत, आम्हाला दोन खोल्यांची जागाही त्यांनीच पाहून दिली. त्या वेळी मला तो त्यांचा उपकार वाटला होता. पुढे लक्षात आलं की त्यांना हक्काचा एक श्रोता हवा होता, आणि जावयासारखा श्रोता नाही. सासरच्या माणसाला मधेच तोडता येत नाही आणि समोरच राहत असल्यामुळे ‘आता गाडी चुकेल’ असंही सांगता येत नाही.

मामा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी त्या कारखान्याने इटलीहून एक यंत्र मागवायचं ठरवलं आणि ते खोलायला-जोडायला शिकण्यासाठी एका माणसाला तिकडे धाडायचं ठरलं. जायचं होतं दुसऱ्याच एका गृहस्थांना. पण ‘समुद्र ओलांडलास तर विहिरीत उडी घेईन’ असं त्यांच्या आईने सांगितलं. मामांच्या आई आधीच वारलेल्या असल्यामुळे त्यांच्या वाटेत विहीर आली नाही. मामींना कुणी विचारलंच नाही. त्यांनी मुकाट्याने डबाभर मालवणी खाजं बांधून दिलं आणि मामा बोटीत बसले. एक उन्हाळा तिकडे काढून ते परत आले. बरोबर यंत्राचं ज्ञान किती आणलं ते कारखान्याला ठाऊक. वाडीसाठी मात्र त्यांनी एक आख्खं गाव आणलं.

माणूस इटलीला जाऊन आला म्हणजे निदान रोमबद्दल दोन शब्द सांगेल, अशी आपली अपेक्षा असते. मी एकदा विचारलं. “रोम? स्टेशन बघितलं. बरं होतं,” एवढं बोलून त्यांनी रोमन साम्राज्य निकालात काढलं. त्यांना बोलायचं असे ते त्या कारखान्याजवळच्या डोंगरातल्या खेड्याबद्दल, आणि त्यातही तिथल्या एका दिवसाबद्दल. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण. त्या दिवसांत त्या गावच्या संताची जत्रा असते. संताचं खरं नाव काही वेगळं होतं, पण म्हसोबा, खंडोबा, वेतोबा यांच्यात वाढलेल्या मामांनी त्याचा ‘रोकोबा’ करून टाकला होता. “पायाशी कुत्रा आहे हो त्याच्या! आपला दत्तच तो. फक्त एक डोकं आणि एक कुत्रा, एवढाच फरक,” असं ते सांगत. आमच्या वाडीतल्या दत्तभक्तांना हा फरक एवढासा वाटत नसे, ही गोष्ट निराळी.

तर रोकोबाला खांद्यावर घेऊन गावभर मिरवतात, पुढे बँड असतो, आणि मग देवळासमोरच्या चौकात सगळं गाव जेवतं. जेवण काय? मक्याच्या पिठाचा घाटा. तो तांब्याच्या हंड्यात शिजवतात, लाकडी फळ्यांवर ओततात आणि घट्ट झाला की दोऱ्याने कापतात. रेशनच्या दुकानातला मका खाऊन खाऊन ज्यांच्या नाकी नऊ आले होते, त्या लोकांपुढे मामा ह्या घाट्याचं वर्णन मिटक्या मारत करत. वर पुन्हा तिकडे ‘जेव’ ह्याला ‘मांजा’ म्हणतात अशी माहिती पुरवत. एकदा आमच्याकडे जेवायला बसलेल्या पाहुण्याला त्यांनी आग्रहाने “मांजा, मांजा!” म्हटलं, तेव्हा तो बिचारा ताटात दोरा शोधू लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण त्या एका दिवसाच्या फूटपट्टीने मामा आमचे सगळे दिवस मोजू लागले. कुणाकडे सत्यनारायण असो, हातावर पडलेल्या शिऱ्याकडे बघून ते म्हणत, “हा प्रसाद की औषध? आमच्या गावात पातेलं समोर ठेवतात.” ‘आमच्या गावात’ म्हणजे मालवणजवळच्या त्यांच्या गावात असा कुणा नव्या माणसाचा समज झाला तर ते रागावत. लग्नाच्या पंगतीत यजमानांच्या तोंडावर ते सांगत, “इथे एक रांग ह्या भिंतीकडे तोंड करून, दुसरी त्या भिंतीकडे. कोण कोणाबरोबर जेवतोय तेच कळत नाही. आमच्या गावात माणूस माणसाच्या समोर बसतो.” माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनी बँड नाही म्हणून नाक मुरडलं. होळीला ते म्हणाले, “नुसतं लाकूड जाळता! एवढ्या विस्तवावर गावाचं जेवण झालं असतं.” ह्यांना सणावाराला बोलावणं म्हणजे घरात परीक्षक बसवणं होतं. वाडीतले लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘रोकोबा’ म्हणत. मीही म्हणत असे, फक्त जरा हळू, कारण घरात त्यांची भाची होती.

त्यांच्या ह्या बडबडीने मामी मात्र हलत नसत. मामींच्या चेहऱ्यावर मी कधी कौतुक पाहिलं नाही, आणि कंटाळाही पाहिला नाही. त्या आतून ताटं आणत, वाढत, पुन्हा आत जात. “मामी, तुम्हाला पाठ झालं असेल एव्हाना,” मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी कुठं ऐकते! माझं लक्ष चुलीवर.”

आमच्या वाडीत मारुतीचं छोटं देऊळ होतं आणि हनुमान जयंती हा वाडीचा मोठा सण. पहाटे जन्म, मग सुंठवडा आणि दुपारी दोन रांगांच्या मधल्या अंगणात जेवणं. वाडीतल्या बायका मध्यरात्रीपासून चुलीपुढे असत. पुरुषांच्या आणि मुलांच्या पंगती उठायला उन्हं कलत, आणि मग राहिलेल्या आमटीत पाणी घालून बायका बसत. ह्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही नाही. देवाचं कार्य म्हणजे असंच असतं.

त्या वर्षी फाल्गुनात सणाची बैठक भरली. वाडीचे अध्यक्ष कोर्टातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार होते. ते घरातसुद्धा ‘हजर आहे का?’ असं विचारून जेवायला बसत. वर्गणीचं बोलणं झालं, आणि मामा उभे राहिले.

“यंदा माझी सूचना आहे,” मामा म्हणाले. “अंगणात एकच लांब टेबल मांडायचं. घाट्यासकट सगळा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. आणि पहिल्या पंगतीला बायका बसतील.”

एवढं हसू उसळलं की देवळातली कबुतरं उडाली.

“टेबलावर मारुतीचा प्रसाद?” शिरस्तेदार म्हणाले. “चपला घालून?”

“चपला काढा की. टेबल काय पायात घालायचंय?”

“आणि रांधणार कोण?”

“तुम्ही, मी. आणि आमचे जावईबापू आहेतच.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी देवळाच्या कळसाकडे पाहू लागलो.

“अहो, मला चहा करता येत नाही!” शिरस्तेदार म्हणाले.

“यंत्र जोडण्यापेक्षा सोपं असतं. मी शिकलो ना?”

शिरस्तेदार जन्मभर कोर्टात बसलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि निवाडा दिला. “ठीक आहे. यंदा तुमच्या मनासारखं होऊ दे. पण फसलं, तर ह्या वाडीत पुन्हा इटलीचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल,” मामा म्हणाले.

ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांनी हात वर केले, आणि सर्वांत उंच हात माझा होता. जन्मभराची सुटका एका घाट्याच्या अंतरावर दिसत होती. मारुतीला मी मनातल्या मनात नारळ बोललो, तो घाटा फसावा म्हणून.

हनुमान जयंतीच्या दिवशी सकाळी पहिला घोटाळा टेबलावरून झाला. एवढं लांब टेबल वाडीत काय, मुलुंडातच नव्हतं. मामांनी पान्हे आणि हातोडी काढली आणि घराघरांच्या दारांच्या बिजागऱ्या खोलायला सुरुवात केली. खाली विटांचे खांब रचून त्यांवर दारं आडवी टाकली आणि वर पांढरी धोतरं पसरली. टेबल झालं खरं, पण वाडीतलं एकही घर बंद होईना. शिरस्तेदारांच्या ओटीवर कुणाची तरी शेळी चढली आणि पंचांग खाऊन गेली. त्यामुळे नैवेद्याचा मुहूर्त कुणाला सांगता येईना.

मग घाटा. भाड्याने आणलेले दोन तांब्याचे हंडे दगडांच्या चुलींवर चढले. चैत्राचं ऊन वरून, विस्तव खालून. मामा डोक्याला पंचा बांधून वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने ढवळत होते आणि दुसऱ्या हंड्यावर मला उभं केलं होतं. मक्याचा घाटा शिजायला लागला की तो नुसता उकळत नाही, थुंकतो. एक थेंब माझ्या मनगटावर, दुसरा शिरस्तेदारांच्या मिशीवर. “ढवळा, थांबू नका! एकाच दिशेने!” मामा ओरडत होते. वाडीतले ऑफिसात जाणारे सगळे सभ्य पुरुष धोतरं कमरेला खोचून कांद्याशिवाय, लसणाशिवाय टोमॅटोचा रस्सा करत होते. मारुतीचा दिवस, तेव्हा रोकोबाच्या जत्रेत घाट्याबरोबर असतं ते मटण बाद झालं होतं. कुणी तिखट दोनदा घातलं, आणि आपण घातलं असं कुणीच कबूल करेना.

दुपारी घाटा फळ्यांवर ओतला. मामांनी मोठ्या डौलाने दोरा काढला, दोन्ही हातांत ताणला आणि घाट्यातून ओढला. पाण्यात रेघ ओढावी तसा घाटा दोऱ्यामागे पुन्हा मिटला. त्यांनी परत ओढला. तो परत मिटला. पुरुषमंडळी हसून हसून लोळली. शिरस्तेदार तर उघडच म्हणाले, “काय मामा, निकाल वाचू का?” त्या वेळी मला झालेला आनंद मी लपवला नाही.

“पळीने वाढू,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “आधी बायकांना बसू दे.”

बायका येईनात. एरवी त्या दाराआड उभ्या राहिल्या असत्या, पण दारं तर टेबलाला लागली होती. त्यामुळे सगळ्या उघड्या चौकटींत, पदर तोंडाशी धरून, अवघडून उभ्या होत्या. लपायला जागा नव्हती. मामांनी मामींना हाक मारली. मामींनी नुसती मान हलवली. माझी बायको त्यांच्यामागे सरकली.

“ते राहू द्या आता,” शिरस्तेदार समजुतीच्या सुरात म्हणाले. “गंमत झाली, पुरे. पुरुष बसतील, बायका मागाहून. रीतच आहे ती.”

सगळे पुरुष टेबलाकडे निघालेसुद्धा. मी एका दारापुढची जागा धरली होती. तेव्हा मामा टेबलाच्या टोकाशी येऊन उभे राहिले. आता ते ‘आमच्या गावात’ म्हणणार म्हणून आम्ही कपाळाला हात लावायच्या तयारीत होतो. पण ते शिरस्तेदारांकडे बघत नव्हते. त्यांची नजर मामींकडे होती आणि ते खालच्या आवाजात बोलत होते, घरात बोलावं तसं.

“त्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर एकटा बसलो होतो. भाषा येत नव्हती, मला कुणी बोलावलं नव्हतं. तू दिलेलं खाजं खात होतो. एक म्हातारी आली. काळं लुगडं नेसल्यासारखी, सगळं काळं. तिनं हाताला धरून मला उठवलं आणि टेबलावर बसवलं. समोर तिचा नवरा. तो हंड्यावरून उठला, तिला वाढलं, मला वाढलं आणि तिच्या शेजारी बसला. ती गरम गरम खात होती, घाम पुसत, आणि त्याला नावं ठेवत होती. तो हसत होता.”

मामा थांबले. हातातली पळी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

“मी त्या दोघांकडे बघत होतो. म्हटलं, आपलं लग्न होऊन एवढी वर्षं झाली. ही काय खाते, किती खाते, तिला काय आवडतं, मला ठाऊकच नाही. मी हिला जेवताना कधी बघितलेलंच नाही.”

मामी रागावल्या की मालवणीवर येत. त्या चौकटीतून उतरल्या, टेबलापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “ह्या एवढाच होता, तर घरात सांगूचा होता. लोकांची दारां कित्याक काढलात?”

मामा टेबलावरच्या धोतराच्या सुरकुत्या काढू लागले.

कोंडी फोडली ती शिरस्तेदारांच्या आईने. ऐंशीच्या घरातली, तोंडात दात नसलेली ती म्हातारी काठी टेकत आली आणि एका दारासमोर बसली. “मला भूक लागलीय,” ती म्हणाली. “बाळ, वाढ.” बाळ म्हणजे शिरस्तेदार. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पळी उचलली. म्हातारीने घाटा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला. “मऊ आहे. चावायला लागत नाही,” ती म्हणाली. “अजून घाल.” एका शिरस्तेदाराचा निवाडा त्याच्या आईने फिरवला होता आणि त्यावर अपील नव्हतं.

मग मामी बसल्या. त्यांच्यामागून माझी बायको, मग एकेक करून सगळ्या. पहिले दोन घास त्या माना खाली घालून खात होत्या, चोरून खाल्ल्यासारख्या. मग मामी स्पष्ट म्हणाल्या, “मीठ विसरलात,” आणि टेबलभर हशा पिकला. त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. ह्यात गाठी आहेत, तो रस्सा कुणी जाळला, हे ताक आहे की धुवण, असे शेरे सुरू झाले. वाडीतले पुरुष पळ्या घेऊन पळत होते. मी माझ्या बायकोला वाढत होतो. तिने तोच जहाल रस्सा तीनदा मागून घेतला. तिला एवढं तिखट आवडतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी भाज्या माझ्या बेताने, गूळ घालून होत. चौथी पळी मी न विचारताच वाढली.

जेवण वाईटच झालं होतं, हे मी आजही सांगेन. आम्ही पुरुष बसलो तेव्हा घाटा गार होऊन त्याचा चिखलाचा गोळा झाला होता. मामा मात्र सगळ्यांच्या शेवटी, हंडा खरवडून जेवले.

पुढल्या वर्षी शिरस्तेदारांनी आचारी बोलावले, ‘म्हणजे बायकांनाही त्रास नको.’ जमिनीवर पंगती मांडल्या गेल्या आणि पहिल्या पंगतीला पुरुष बसले. मामा भांडतील अशी माझी खात्री होती. पण ते मुकाट्याने सगळ्यांबरोबर जेवले आणि पानावरून उठले. इटलीचं नाव त्यांनी नंतर फारसं काढलंच नाही. काढायला मनाई नव्हती, कारण घाटा फसला असं कुणी जाहीर केलं नव्हतं. जे सांगायचं होतं ते बहुधा सांगून झालं होतं.

एकदा भर दुपारी काही कामासाठी मी त्यांच्याकडे न सांगता गेलो. दोन ताटं शेजारी शेजारी होती. मला बघून मामी गडबडून उठू लागल्या, तर मामांनी त्यांच्या पदराचं टोक धरलं. “बस गं. जावई आहे, कलेक्टर नाही.” मामी बसल्या, पण माझ्याकडे पाठ करून. बांगड्याचा काटा काढत त्या मामांना सुनावत होत्या, “मधला तुकडो परत माझ्याच ताटात कित्याक?” मी काम न सांगताच परत आलो.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते फार जगले नाहीत. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि मी कुणाकुणाला कळवायचं राहिलंय ते मामींना विचारत ओट्यावर बसलो होतो. गावाकडे कळवलं होतं, कारखान्यात कळवलं होतं. मामी बोटांवर नावं मोजत राहिल्या.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “ती बाई कोण हो? ह्यांना हाताला धरून बसवलं ती.”

“ती? मामांनी नाव नाही सांगितलं कधी.”

“विचारलं नव्हतंच ह्यांनी. एवढं बोलत राहिले, पण नाव विचारायचं काही सुचलं नाही.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. “ती तेव्हाच म्हातारी होती म्हणे. असेल-नसेल. पण असली तर तिला कळवायला हवं होतं.”